टोकियोत स्वस्तात राहायचं तर: कॅप्सूल, हॉस्टेल, बिझनेस हॉटेल की सान्या वस्तीतली खोली?

टोकियोचं विमान तिकीट झालं की पुढचा घोर राहण्याचा. बुकिंग साइटवर 'कमी दर आधी' असं निवडलं की वर सगळी कॅप्सूल आणि डॉर्म (अनेकांनी मिळून झोपायच्या खोल्या) येतात, आणि बहुतेक जण त्यातलंच एक उचलून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर या शहरात दर सगळ्यात शेवटी बघावा. आधी बघायचं ते किती जण जाताय, किती रात्री राहणार आणि बॅगा केवढ्या आहेत.

एकटे असाल, एक-दोन रात्रींचाच प्रश्न असेल आणि पाठीवरची सॅक सोडून सामान नसेल, तर कॅप्सूल हॉटेल उत्तम. पहिलं कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकात निघालं, आराखडा वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांचा. रात्रीची शेवटची गाडी चुकलेला नोकरदार हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक, आणि सगळी मांडणी अजूनही त्या माणसाच्या सोयीची आहे. झोपायची जागा साधारण एक मीटर रुंद, एक मीटर उंच आणि दोन मीटर लांब. आत गादी, दिवा, चार्जिंगचा प्लग. कुलूप लागेल असं दार नसतं, नुसता पडदा ओढायचा. पैसे, पासपोर्ट लॉकरमध्ये. हा लॉकर उंच पण अरुंद असतो. कोट आणि ऑफिसची बॅग त्यात छान राहते, आपली मोठी ट्रॉली बॅग राहत नाही. ती रिसेप्शनजवळ सगळ्यांच्या सामानात ठेवावी लागते.

दुसरी अडचण जास्त मोठी. सलग चार रात्रींचं बुकिंग असलं तरी बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडावं लागतं आणि दुपारी तीननंतरच परत आत घेतात. दिवसभर फिरणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. पण पाय दुखताहेत, ताप आलाय, बाहेर धो धो पाऊस आहे, अशा दिवशी पडून राहायला जागा नसते. शिवाय कित्येक कॅप्सूल हॉटेलं फक्त पुरुषांसाठी आहेत. बायकांसाठी वेगळा मजला आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. अंगावर टॅटू असेल तर तिथल्या सामायिक गरम पाण्याच्या हौदात बहुधा उतरू देत नाहीत.

एकट्यानेच पण चार-पाच रात्रींहून जास्त राहायचं असेल तर मी डोळे झाकून हॉस्टेल सुचवेन. डॉर्ममधला पलंग साधारण ३,००० ते ५,००० येनला मिळतो, म्हणजे कॅप्सूलच्याच आसपास. पण इथे एकच पलंग मुक्काम संपेपर्यंत तुमचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर असतं. शाकाहारी माणसाला जपानमध्ये हे स्वयंपाकघर फार मोठा आधार आहे. तिथल्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, वरून शुद्ध शाकाहारी दिसणाऱ्या भाजीतसुद्धा 'दाशी' म्हणजे बहुधा माशाचं पाणी असतं. एक वेळ भात आणि भाजी स्वतः करून खाल्ली की पोटाला आणि खिशाला दोन्हीला बरं. घोरणारे शेजारी मिळणार, हे मात्र धरून चाला.

दोघं असलात की सगळा हिशेब फिरतो. दोन पलंगांचे ४,५०० प्रमाणे ९,००० येन झाले. त्यात थोडे घातले तर साध्या बिझनेस हॉटेलात, म्हणजे कामानिमित्त फिरणाऱ्यांसाठीच्या लहान खोल्यांच्या हॉटेलात, स्वतंत्र खोली, स्वतःचं न्हाणीघर, टॉवेल, झोपायचे कपडे मिळतात. टोयोको इनसारख्या साखळीत सकाळचा नाश्ताही त्यातच. दोघांनी डॉर्ममध्ये राहण्यात मला तरी काही राम वाटत नाही. फक्त तीन गोष्टी नीट तपासा. दर पुष्कळदा माणशी असतो, म्हणून शोधतानाच दोन माणसं टाका. 'सेमी-डबल' पलंग बहुतेक १२० ते १४० सेंटिमीटर रुंदच असतो. आणि सगळ्यात स्वस्त उरलेली खोली धूम्रपानाची असण्याची शक्यता असते. तो वास गादीत, पडद्यात मुरलेला असतो, खिडकी उघडून जात नाही. खोली जेमतेम ११-१२ चौरस मीटर. दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत, आळीपाळीनेच काम चालतं.

आता सान्या, ज्याच्याकडे आपल्याकडच्या लोकांचं सहसा लक्षच जात नाही. मिनामी-सेन्जू स्टेशनजवळची ही रोजंदारी कामगारांची जुनी वस्ती. १९६६ मध्ये हे नाव पत्त्यांमधून काढून टाकलं गेलं, लोकांच्या तोंडी मात्र टिकलं. कामगारांसाठीच्या तिथल्या लहान लॉजपैकी काही आता प्रवाशांना खोल्या देतात. तीन ततामी चटयांची, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटरची खोली, संडास-न्हाणीघर सामायिक, पण दार आणि कुलूप तुमचं. भाडं डॉर्मच्या पलंगाच्या जवळपास. परिसर उदास वाटतो, रस्त्यावर थकलेली म्हातारी माणसं दिसतात. ती तिथली रहिवासी आहेत, त्यांचे फोटो काढत फिरू नका. हिबिया या मेट्रो लाइनने उएनो हे मोठं स्टेशन तिसरं. एकट्याला एकांत हवा असेल आणि पैसे बेताचे असतील तर माझं पहिलं मत सान्याला.

भाग निवडताना शिंजुकू या गजबजलेल्या भागाचा हट्ट सोडलेला बरा. त्या स्टेशनला दोनशेहून जास्त बाहेर पडायचे रस्ते आहेत आणि बॅग ओढत चुकीच्या बाजूला निघालात तर अर्धा तास तिथेच जातो. उएनो किंवा असाकुसा धरा. असाकुसाला नारिता आणि हानेदा, दोन्ही विमानतळांवरून थेट गाड्या आहेत. नकाशावरचं अंतर सोडा, हॉटेल स्टेशनपासून चालत किती मिनिटांवर आहे ते बघा. दहाच्या वर असेल तर रोजच्या येण्याजाण्याने जीव मेटाकुटीला येतो. गाड्या मध्यरात्रीनंतर बंद होतात, आणि रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीला २० टक्के जादा पडतात.

चौघांचं कुटुंब असेल तर घरगुती भाड्याची जागा, तिथे तिला 'मिनपाकू' म्हणतात, ती परवडते. २०१८ च्या कायद्याने अशा घराला नोंदणी क्रमांक लागतो आणि वर्षातून १८० दिवसच भाड्याने देता येतं. जाहिरातीत नोंदणी किंवा परवाना क्रमांक नसेल तर पुढे बघू नका.

शनिवारची रात्र सगळीकडेच महाग. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, आणि २९ एप्रिल ते ५ मे 'गोल्डन वीक'च्या सुट्ट्यांचा; या दिवसांत वर दिलेले आकडे विसरा आणि बुकिंग दोन-तीन महिने आधी करा.