भूसंपादनाच्या वकीलबाई: टक्केवारी मागत नाहीत, फोनही उचलत नाहीत

सिन्नर तालुक्यातली आमची डाळिंबाची बाग महामार्गाच्या रुंदीकरणात अर्धी गेली. मोबदल्याचा सरकारी निवाडा हातात आला तर विहीर धरलेली, तिची पाइपलाइन गायब, आणि फळावर आलेली झाडं ‘इतर झाडे’ या रकान्यात. लगेच गावात माणसं फिरायला लागली: वाढीव मोबदल्यातले एवढे टक्के द्या, बाकी आम्ही बघतो. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या अंगाला बसणाऱ्या या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "काका, निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे. मी तारखेप्रमाणे घेते." माझं मत तिथंच बनलं.

बाईंची खरी मेहनत दुय्यम निबंधकाच्या दप्तरात दिसते. 2013 च्या भूसंपादन कायद्यात भाव काढताना आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं घेतात आणि त्यातली चढ्या भावाची निम्मी धरून सरासरी काढतात. आमच्या निवाड्यात सगळ्यांचीच सरासरी मारलेली. बाईंनी ज्युनिअरला बसवून शिवारातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखतांचे उतारे, काढायला लावले आणि बिनशेती प्लॉटची खतं स्वतःच बाजूला सारली. मी म्हटलं, राहू द्या की, भाव वाढेल. तर म्हणाल्या, "समोरचा वकील आधी तीच उचलेल."

राष्ट्रीय महामार्गाची जमीन 1956 च्या कायद्याखाली जाते, पण 1 जानेवारी 2015 पासून मोबदला 2013 च्या कायद्याने ठरतो. त्यामुळे मोबदल्याइतकीच दिलासा रक्कम वर मिळते. वाढीव मागायचं तर थेट कोर्टात नाही, केंद्राने नेमलेल्या लवादाकडे. हे सगळं त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडून समजावलं, आणि पैसे वाढीव मागायचा हक्क राखूनच उचला, हेही बजावलं. लवादाने पाइपलाइन धरली, झाडांचं मूल्यांकन पुन्हा करायला लावलं. दर वाढला, पण मागितला तेवढा नाही. आता समोरच्यांनी जिल्हा न्यायालयात आव्हान दिलंय, तारखा चालू आहेत.

माझ्या धाकट्या भावाचा सातपूरला गाळा आहे. घरपट्टीचं वाढीव बिल घेऊन तोही गेला होता. आधी महापालिकेकडे हरकत, तिचा निकाल लागला की 15 दिवसांत कोर्टात अपील, आणि तेही मागणीची रक्कम भरून. त्याची मुदत केव्हाच उलटलेली. बाईंनी केस घेतलीच नाही, सल्ल्याचे पैसेही नाही घेतले. व्यापारी संगनमत करून भाव पाडतात, म्हणून आमच्यातले काही जण तक्रार घेऊन गेले, तर म्हणाल्या, ते स्पर्धा आयोगाचं काम, दिल्लीला जावं लागेल, आणि भाव ठरवल्याचा काही पुरावा आहे का? तो कुणाकडेच नव्हता.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअॅपला उत्तर ज्युनिअर देतो, तेही रात्री उशिरा. अर्ज सगळे इंग्रजीत, मराठी प्रत मागितली की "पुढच्या तारखेला" म्हणतात. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या आईला सहीसाठी वर चढवताना आमची दमछाक झाली. पाचपैकी चार तारे.

जाणार असाल तर निवाड्याची प्रत, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि सातबारा बरोबर ठेवा, नाहीतर त्या परत पाठवतात. झेरॉक्स खालीच मिळते. गाडी लांब लावा.