परळच्या गच्चीवरची सार्वजनिक बाग: एका वर्षाचा अनुभव

मी बेस्टमध्ये ३३ वर्षं ड्रायव्हर होतो. निवृत्त झालो आणि दोन वर्षांत बायको गेली. मुलगी पुण्यात. चाळ पडून टॉवर झाल्यापासून शेजाऱ्याची बेल वाजवायलाही काहीतरी निमित्त लागतं. अख्ख्या दिवसात दूधवाल्याशी दोन शब्द, बस्स. म्हणून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरच्या बागेत नाव घातलं. महिन्याला २०० रुपये, रविवारी सकाळी ७ ते ९.

नुसत्या मातीचा स्लॅबवर भार येतो. त्यामुळे इथले वाफे रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडं आणि पालापाचोळा दाबून भरतात, वर थोडी माती. डॉ. आर. टी. दोशींनी मुंबईत चिपाडांवरच गच्चीत भाजी पिकवून दाखवली होती. जीवामृत, म्हणजे झाडांना घालायचं पातळ खत, तेही इथेच बनवतात: २० लिटर पाण्यात किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, गूळ आणि बेसन २००-२०० ग्रॅम, मूठभर माती. ते सकाळ-संध्याकाळ ढवळावं लागतं. ती पाळी मी मागून घेतली.

पण माझा खरा जीव लाल भोपळ्यात. एवढ्या उंचावर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, परागीकरण हातानेच. नर फुलाला नुसता लांब देठ. मादी फुलाच्या मागे सुपारीएवढा भोपळा आधीच धरलेला असतो. नराच्या पाकळ्या काढायच्या आणि परागांनी भरलेला दांडा मादीच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. फूल पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं. आमच्या इमारतीतली एक मुलगी रात्रपाळीहून आली की आधी गच्चीवर जाते आणि साडेसहाला मला फोन करते, “काका, मादी उमललीय, लवकर या!” तिचे आईवडील रत्नागिरीला. पहिल्या भोपळ्याचे घारगे मी बायकोच्या वहीत बघून केले. ती रात्रपाळीवाली मुलगी तीन खाऊन गेली, दोन डब्यात नेले. यंदा राणीच्या बागेतलं झाडाफुलांचं प्रदर्शन बघायला आम्ही बागेतले नऊ जण मिळून गेलो.

तक्रारी आहेत. लिफ्ट एक मजला खालीच थांबते, वरच्या जिन्याला कठडा नाही आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. दोनदा सांगून झालं. भाजीवाटपालाही नियम हवा. उशिरा येणाऱ्याच्या हाती पालकाची देठं उरतात.

नाव घालायचं तर मे महिन्यातच घाला, वेलभाज्यांचं बी पहिल्या पावसाबरोबर पडतं. गुडघे दुखत असतील तर आधी तो जिना चढून बघा. मी सकाळी वरच असतो.