व्हेनिसमध्ये एकट्याचा पहिला दिवस : वापोरेत्तोची १ नंबर लाइन

गोंडोलाच्या भानगडीत पहिल्याच दिवशी पडू नका. पियात्साले रोमा या बस स्टँडच्या चौकातून सुटणारी १ नंबरची वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची सिटी बस, सगळा ग्रँड कॅनॉल, म्हणजे शहराचा मुख्य कालवा, दाखवत साधारण पाऊण तासात सान मार्को या मुख्य चौकापाशी पोचवते. २ नंबर कमी थांब्यांमुळे लवकर जाते, पण बघायला १ नंबरच बरी. डाव्या हाताला का' द'ओरो हा जुना महाल, मग १५९१ चा दगडी रिआल्तो पूल, पुढे आकादेमियाचा लाकडी पूल आणि उजवीकडे सालुते चर्च.

७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो, २४ तासांचा पास २५ युरो. तीन फेऱ्या झाल्या की पास वसूल. तो पहिल्या पंचिंगपासून मोजतात, त्यामुळे दुपारी सुरू केला तर दुसऱ्या दिवशीची सकाळही पदरात पडते. मात्र प्रत्येक वेळी चढण्याआधी मशीनला लावायचा. नुसता खिशात असून भागत नाही, दंड होतो. विमानतळाची बोट यात धरलेली नाही.

घोळ होतो तो धक्क्यावर. मोठ्या थांब्यांवर एकाच लाइनच्या दोन दिशांना वेगवेगळे तराफे (बोट लागते ते तरंगते धक्के) असतात, तेव्हा पाटीवरचं अक्षर आणि शेवटचा थांबा वाचूनच रांगेत उभं राहा. पाठीवरची सॅक उतरवून हातात धरा. तो तिथला नियमच आहे, शिवाय खिसेकापूंपासूनही बचाव.

दुपारी बोट खचाखच भरते, बाहेरची जागा विसरा. सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर बसा.