हेलबॉय, पहिला खंड: शिंगं घासून कामावर जाणारा नायक

'सीड ऑफ डिस्ट्रक्शन' हा हेलबॉय कॉमिक्सचा पहिला खंड मी एका बैठकीत संपवला. डार्क हॉर्स या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाने १९९४ साली चार अंकांत काढलेली ही गोष्ट. चित्रं माइक मिन्योलाची, संवाद जॉन बर्नचे.

१९४४ च्या डिसेंबरात नाझींसाठी काम करणारा रशियन मांत्रिक रासपुतिन जगबुडीसाठी नरकातून एक पोर बोलावतो, तोच हेलबॉय. ते सापडतं दोस्तराष्ट्रांच्या माणसांना, आणि प्रोफेसर ब्रुटनहोम त्याला मायेने वाढवतात. नियती त्याच्या पाठी हात धुऊन लागलेली, आणि हा गडी कपाळावरची शिंगं घासून नुसते खुंट ठेवतो, लांब कोट चढवतो आणि भुताखेतांचा छडा लावायला निघतो. उजवा हात दगडी, अवाढव्य. त्याचं काय करायचं हे त्यालाही उमगलेलं नाही. रासपुतिन समोर उभा राहून जन्माचं प्रयोजन सांगतो तेव्हाही तो नकारच देतो. काय ताकद आहे त्या नकारात!

मिन्योला अर्धं पान काळ्या शाईत बुडवतो आणि त्यातून फक्त लाल खांदा, पिवळे डोळे वर येतात. अशा पानांवर निवेदनाच्या चौकटी मात्र जास्तच झाल्यात. चित्र बोलत असताना शब्द मध्ये येतात. पुढचा खंड, 'वेक द डेव्हिल', मिन्योलाने स्वतः लिहिलाय. दोन्ही एकदमच घ्या.