युरिक ॲसिड वाढलंय: डाळ सोडायची की रस्सा?

रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ७.५ आलं की कोल्हापुरात पहिली कुऱ्हाड पडते ती डाळ, पालक आणि मटकीवर. रविवारचं मटण मात्र ‘थोडंसंच’ म्हणत चालूच राहतं. माझ्या मते हे साफ उलटं आहे.

डाळी-कडधान्यांत प्युरिन असतं आणि प्युरिनचंच युरिक ॲसिड होतं, हे खरं. पण २००४ साली अमेरिकेत हजारो पुरुषांच्या आहारावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्युरिनवाल्या भाज्या आणि डाळींमुळे गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा (बहुधा पायाचा अंगठा) सुजून दुखण्याचा, धोका वाढलेला दिसला नाही. मांस आणि मासळीमुळे वाढला, दूध-दह्यामुळे घटला. तेव्हा मटकीची उसळ खुशाल खा. मिसळीवरचा तेलाचा कट तेवढा वजनासाठी आवरा.

आता रस्सा. ‘मी फोडी घेत नाही, नुसता पांढरा घेतो’ असं म्हणणारे पंगतीत हमखास भेटतात. मटण शिजताना त्यातलं बरंचसं प्युरिन पाण्यात उतरतं, आणि त्याच अळणी पाण्याचा पांढरा आणि तांबडा होतो. वाटीमागून वाटी रिचवण्यापेक्षा सुक्याच्या दोन-चार फोडी आणि एकच वाटी रस्सा बरा, तोही रोज नव्हे. काळीज आणि गुर्दा मात्र पूर्ण बंद.

दारूत बिअर सगळ्यांत वाईट, कारण अल्कोहोलच्या जोडीला तिच्यात स्वतःचं प्युरिन असतं. म्हणून व्हिस्की निर्धोक होत नाही.

उसाचा रस की ताक? ताक. साखरेतलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं, आणि आपला लाडका गूळही याला अपवाद नाही.

वजन उतरवायचं तर कडक उपास नकोत. उपाशी शरीर युरिक ॲसिड नीट बाहेर टाकत नाही, आणि ऐन उपासात अंगठा सुजू शकतो. रोज रंकाळ्याला फेरी आणि हळूहळू घटणारं वजन टिकतं.

पथ्याने रिपोर्टमधला आकडा साधारण एकाने उतरतो. कधीच दुखलं नसेल तर बहुतेकांना गोळी लागत नाही, पथ्य पुरतं. पण वर्षात दोनदा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना झाला, तर नुसत्या पथ्यावर अडून बसू नका. डॉक्टरांकडून गोळी सुरू करून आकडा ६ च्या खाली ठेवा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर तेही त्यांना सांगा. तिनेही युरिक ॲसिड वाढतं, पण ती परस्पर बंद करू नका.