पार्दिनी एसपी .२२ पिस्तूल: आठ महिने आणि साधारण साडेचार हजार राउंडनंतर (राउंड म्हणजे काडतूस)

नोव्हेंबरात घेतलं, सेकंडहँड, क्लबातल्याच एका सिनियर ताईकडून, आणि माझ्या लायसन्सवर चढेपर्यंत जे हेलपाटे झाले ते लिहायला बसले तर पिस्तुलाबद्दल लिहायचं राहूनच जाईल. मी २५ मीटर पिस्तूल ही स्पर्धा मारते, म्हणजे ३० शॉट प्रिसिजन (सावकाश नेम धरून) आणि ३० रॅपिड (झटपट). आधी क्लबचं पिस्तूल होतं, त्याची ग्रिप दहाजण वापरणार म्हणजे एकाच्याही हातात नीट बसणार नाही.

एसपीचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा, ट्रिगरच्या पुढे असतं, ५ राउंडचं, आणि नळी हाताच्या मानाने खूप खाली, त्यामुळे झटका वर न उडता सरळ मागे येतो. आता कुणी म्हणेल रॅपिडला टार्गेट ३ सेकंद समोर असतं, त्यात एकच शॉट, मग झटक्याचं एवढं काय? पण साइट (नेम धरायची खूण) जागेवर राहिली की शॉट कुठे ओढला गेला ते स्वतःलाच दिसतं, मला तरी सगळ्यात मोठा फरक तिथेच पडला.

मेंटेनन्सचं म्हणाल तर पहिले दोन महिने मी नुसती माती खाल्ली. बाबा त्यांची बुलेट गाडी पुसतात तसं रोज नळीत रॉड आणि सॉल्व्हंट, आणि दुसऱ्या दिवशी पहिले दहा-पंधरा शॉट कुठेही. कोच हसले. .२२ ची गोळी शिशाची, वरून मेणचट वंगण, त्याचा पातळ थर नळीत बसेपर्यंत ग्रुप जमतच नाही, म्हणजे शॉट एका जागी पडत नाहीत, आणि मी तो थर रोज इमानेइतबारे काढत होते! आता नळीत पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) फिरतो चार-पाचशे राउंडनी एकदा. रोज साफ करायचं ते चेंबरचं (राउंड बसतो त्या खोबणीचं) तोंड, त्यामागे पुढे-मागे सरकणाऱ्या बोल्टचा पुढचा भाग आणि रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी, जुना टूथब्रश पुरतो. मेण आणि जळलेली पावडर तिथेच साचते, मग राउंड पूर्ण आत बसत नाही आणि फायरिंग पिनचा मार त्याला ढकलण्यातच जातो, की झाला मिसफायर, गोळी उडतच नाही. तेल एक थेंब, बास. जास्त ओतलं की सगळा कचरा त्यालाच चिकटतो.

ट्रिगर मी बरोबर १००० ग्रॅमवर लावलेला, आणि एका मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये, म्हणजे मॅचआधीच्या तपासणीत, ट्रिगरने टांगलेलं १००० ग्रॅमचं वजन उचललंच नाही, आधीच सुटला, बाहेर येऊन घामाघूम होत स्क्रू फिरवला. आता वर थोडं मार्जिन ठेवते, नेमबाजीत तेवढ्याने काही बिघडत नाही.

ग्रिप अक्रोडाची, माझ्या तळव्याला खाली पोकळी राहायची ती एमसील लावून भरली आणि कानसली, दिसते भयाण पण बसते मस्त. जूनमध्ये मात्र दणका बसला. कोल्हापूरचा पाऊस, आणि मी पिस्तूल फोमच्या केसमध्ये बंद करून चार दिवस गावी. आल्यावर बघते तर तपकिरी ठिपके. फोम ओल धरून ठेवतो हे डोक्यातच आलं नाही, आता तेलाचा हलका हात फिरवून सिलिका जेलसकट लॉकरमध्ये, केस फक्त रेंजवर नेताना.

बोल्ट मागे जिथे आपटतो तिथला बफर (धक्का झेलणारा तुकडा) मार्चमध्ये बदलला, चपटा झालेला. ताईंनी दोन जादा दिले होते, त्यातला एक उरलाय, तो संपायच्या आत डीलरला सांगून ठेवायला हवं.