खाली ठेववत नाहीत अशा तीन कादंबऱ्या, तिन्ही सांगली-कोल्हापूरकडच्या लेखकांच्या

‘एकदा धरली की सुटणार नाही अशी काहीतरी द्या’ ही मागणी सांगली-मिरजेतल्या वाचनालयांच्या काउंटरवर नेहमीची. त्यावर बहुतेक वेळा खुनाचं, भुताचं किंवा अनुवादित थ्रिलरचं पुस्तक पुढे सरकवलं जातं. त्यात वावगं काही नाही. पण याच भागातल्या लेखकांच्या तीन कादंबऱ्या ‘अभ्यासाच्या’, ‘पुरस्काराच्या’ म्हणून उगाच वरच्या फळीवर बसवून ठेवल्या आहेत. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८). अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, विश्वास पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे, माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळ्याचे.

या तिघांचं साहित्यातलं स्थान वगैरे इथे मोजायचं नाही. पुस्तक वाचकाला धरून ठेवतं का, कुठल्या पानांत धरतं आणि कुठे हातातून निसटतं, एवढंच बघायचं आहे. माझं म्हणणं असं की वाचक रहस्यामुळे जेवढा अडकतो त्याहून जास्त मुदतीमुळे अडकतो. काय जाणार आहे आणि किती वेळ उरलाय हे त्याला आधी कळलं पाहिजे. शेवट माहीत असला तरी मग बिघडत नाही. तिन्ही पुस्तकांत हे काम तीन वेगळ्या पद्धतींनी झालंय.

‘फकिरा’पासून सुरुवात करावी, कारण तिला तापायला वेळच लागत नाही. शिगावची जत्रा, त्या जत्रेच्या मानाची खूण असलेली जोगणी आणि ती पळवायला निघालेला फकिराचा बाप राणोजी. वाटेगावला जत्रा नाही ही त्याची खंत. अण्णा भाऊंचं कसब कुठे दिसतं? पळापळ सुरू व्हायच्या आधी ते नियम सांगून टाकतात. जोगणी पळवून जो आपल्या गावच्या शिवेत नेईल, त्याच्या गावाला जत्रेचा मान. नियम कळला की शीव ही वाचकाच्या डोक्यात एक रेघ होते, आणि पुढचं प्रत्येक वाक्य त्या रेघेपासूनचं अंतर मोजत वाचलं जातं. आजचे कितीतरी थ्रिलर आधी पाठलाग दाखवतात आणि तो कशासाठी होता हे तीन प्रकरणांनी सांगतात. तोवर आपण पाणी प्यायला उठलेलो असतो.

राणोजीच्या मरणानं कथा संपत नाही, तिथून हिशेब सुरू होतो. मग दुष्काळ येतो, उपाशी माणसं येतात, माळवाडीचं धान्य लुटलं जातं, पुढे सरकारी खजिना. प्रत्येक पायरीवर फकिराचा फायदा होतो आणि त्याच वेळी त्याच्याभोवतीचा फास आवळतो. तो सापडत नाही म्हणून त्याच्या माणसांवर हजेरी लागते, धरपकड होते. एकाच कृतीतून सुटका आणि संकट दोन्ही निघणं, ही या पुस्तकाची खरी पकड. शेवट इथे सांगत नाही, पण तो वरून येऊन पडलेला वाटत नाही. शंभर पानं मागे त्याची तजवीज झालेली असते.

आता खोट. मधल्या भागात साथीदारांची नावं एका दमात येतात, आणि त्यातले दोन-तीन सोडले तर बाकीचे चेहऱ्यानं वेगळे होत नाहीत. संवाद कधी कधी तमाशाच्या वगातल्यासारखे चढ्या आवाजात बोलले जातात. लेखक शाहीर होता, त्यामुळे ते अपेक्षितच. ते मनात वाचताना खटकतात, मोठ्यानं वाचले की जागेवर बसतात. नायक फार वेळा देखणा आणि शूर आहे. बोलीचं म्हणाल तर वारणाकाठच्या वाचकाला काही अडचण नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला पहिली वीसेक पानं जरा दमानं घ्यावी लागतील, मग कान सरावतो. पुस्तक दीडशे पानांच्या आतबाहेर आहे. तासाला तीस-पस्तीस पानं वाचणाऱ्याचं एका बैठकीत होतं, आणि ते तसंच वाचावं. दोन दिवसांत तोडलं की राणोजीच्या भागाचा ताण दुसऱ्या दिवशी उरत नाही.

‘पानिपत’चं प्रकरण अगदी उलटं. पाचशेच्या वर पानं, शेकड्यांनी माणसं, आणि शेवट तिसरीच्या पोरालाही ठाऊक. तरी ती रात्री दोनपर्यंत जागवते. मात्र अर्ध्यात सोडणाऱ्यांची संख्याही याच पुस्तकाची मोठी असावी, आणि सोडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा सुरुवातीलाच. दत्ताजी आणि जनकोजी शिंदे, मल्हारराव होळकर, नजीबखान, सुजाउद्दौला, सूरजमल जाट, दिल्लीचा वजीर, एवढी मंडळी अंगावर येतात आणि कोण कुणाचा हे ध्यानात राहत नाही. उपाय सोपा आहे. वाचनखुणेच्या कागदावर तीन रकाने आखायचे: मराठे, अब्दालीकडचे, कुंपणावरचे. नाव आलं की टाकायचं. कुंपणावरच्या रकान्यातलं माणूस कुठल्या पानावर कुठे सरकतं हे बघणं, हाच कादंबरीतल्या राजकारणाचा निम्मा थरार आहे. दत्ताजी बुराडी घाटावर पडले ती तारीख १० जानेवारी १७६०, आणि पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणजे दत्ताजींच्या मरणापासून वर्षभराचं घड्याळ लागलेलं असतं. पुढचं सगळं त्या हिशेबानं वाचलं तर संथ भागही संथ वाटत नाही.

दुसरी जागा दिल्लीत. ऑगस्ट १७६० मध्ये शहर हाती येतं, पाऊस, यमुनेला पाणी, पैशाची टंचाई, सूरजमलची नाराजी. इथे वाचक कंटाळतो. इथली पानं भरभर चाळली तरी हरकत नाही असं काहींचं मत आहे. ते मला पटत नाही. पुढे पोटाला चिमटा बसतो त्याचं कारण याच पानांत आहे. मित्र कमी झाले, तिजोरी रिकामी, आणि फौजेबरोबर न लढणाऱ्यांचा, बायकापोरांचा, यात्रेकरूंचा मोठा लोंढा. हे डोक्यात राहिलं नाही तर नंतरची उपासमार नुसती करुण वाटते, अटळ वाटत नाही.

तिसरी जागा सगळ्यात अवघड, आणि तिथे दोष वाचकाचा नसून नकाशाचा आहे. मराठे दिल्लीहून उत्तरेला कुंजपुऱ्यावर जातात, ऑक्टोबरात ते घेतात. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून पश्चिम काठावर येतो. म्हणजे तो मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधे शिरतो. अफगाणिस्तानातून आलेली फौज दक्षिणेला आणि दख्खनची फौज उत्तरेला, अशी उलटी मांडणी होते. मराठ्यांचा घराकडचा रस्ता आता शत्रूच्या छावणीतून जातो. हे ज्याच्या डोळ्यांपुढे येत नाही त्याला पुढचे अडीच महिने ‘मागे का फिरत नाहीत?’ हाच प्रश्न छळतो आणि तो पुस्तक मिटतो. म्हणून त्याच कागदाच्या पाठीमागे एक उभी रेघ यमुनेची ओढावी. खाली दिल्ली, तिच्या वर पूर्वेच्या काठाला बागपत, त्याहून वर पश्चिमेला पानिपत, त्याच बाजूला आणखी वर कुंजपुरा. चार ठिपके. दोन मिनिटांचं काम, पण त्यानंतर पुस्तक बदलतं.

आणि मग तो वेढा. मराठी कादंबरीत भूक इतक्या हिशेबानं फार कमी ठिकाणी लिहिली गेली असेल. आधी वैरण संपते, म्हणून जनावरं मरतात. जनावरं मेली म्हणून तोफा आणि सामान ओढायला बळ नाही. सरपण नाही म्हणून असलेलं धान्य शिजत नाही. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले जातात, त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडतात. दर काही पानांनी एक दार बंद होतं आणि पर्यायांपैकी एक कमी होतो. शेवटी उपाशी पोटी बाहेर पडून लढायचं हे एकच उरतं. लढाईची सकाळ उजाडते तेव्हा वाचक निकालाची वाट बघत नसतो, त्याला तो पुढे ढकलायचा असतो. माहीत असलेल्या शेवटाचा असा उपयोग करून घेणं सोपं नाही. लेखकाची तेव्हा तिशीही उलटली नव्हती, हे लक्षात घेतलं तर आणखीच.

तक्रारी इथेही आहेत. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब, त्यांना लेखकानं फारच जपलंय. नजीब इतका काळा रंगवलाय की त्याची चाल चुकली तरच नवल वाटतं. युद्धाआधीची काही भाषणं निम्मी केली असती तरी चाललं असतं. कादंबरी संपल्यावर ज्याला खरं-खोटं तपासावंसं वाटेल त्यानं त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ जवळ घ्यावं. आधी मात्र नको, कारण मग कादंबरी वाचताना माणूस तळटीपा शोधत बसतो.

‘बनगरवाडी’ या यादीत बघून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. खलनायक नाही, पाठलाग नाही, शेवटाकडे नेणारं कारस्थान नाही. औंध संस्थानच्या काळात माणदेशातल्या धनगरवाडीवर एक तरुण मास्तर येतो, एवढंच. पण पहिल्याच पानांवर तो उजाडायच्या आत एकटा चालत असतो, आणि वाडीवर पोचल्यावर प्रश्न उभा राहतो: शाळेत पोरं येणार का? ते सुटतं न सुटतं तोच दुसरा. कारभाऱ्याची मर्जी राहणार का? मग तालमीचं बांधकाम. लोक हात लावतील का, राजा उद्घाटनाला येईल का? प्रश्न लहान, पण एक मिटायच्या आत पुढचा सुरू झालेला असतो. प्रकरणं आखूड, म्हणून ‘एवढं एक वाचून दिवा मालवतो’ असं म्हणत माणूस चार वाचतो.

शेकूचा प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. जोडीचा एक बैल नाही, पेरणीची वेळ निघून चाललीय, तर त्याची बायको जुवाला खांदा देते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत. वाक्यं छोटी, विशेषणं मोजकी, मास्तरला जेवढं दिसलं तेवढंच. दुसऱ्या कुणी यावर दीड पान ढाळलं असतं. आणि या सगळ्याखाली पावसाचं घड्याळ चालू असतं, पण ते मागच्या खोलीत. ते ऐकू यायला लागतं तेव्हा पुस्तक संपत आलेलं असतं. सव्वाशे-दीडशे पानं, चारेक तासांचा ऐवज. दोष शोधायचाच तर कारभाऱ्याच्या पोरीचा, अंजीचा धागा लेखकानं हातात घेतला आणि फार लवकर सोडला, असं दुसऱ्या वाचनात जाणवतं.

आता प्रतींबद्दल, कारण खिळवून ठेवणाऱ्या पुस्तकाची वाईट प्रत साध्या पुस्तकाच्या वाईट प्रतीपेक्षा जास्त ताप देते. छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत होते. बांधणीत एखादा फर्मा दुबार लागतो आणि दुसरा गळतो. दुकानातच १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे जोड पटापट उघडून बघावेत. जाड पुस्तकात हे पाच मिनिटांचं काम आहे, पण तीनशे चारव्या पानावरून एकदम तीनशे एकविसाव्यावर जाण्यापेक्षा बरं. असा फर्मा गळालेला निघाला तर पावती दाखवून प्रत बदलून मागावी, दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. ‘पानिपत’सारख्या जाडीला नुसत्या डिंकाची बांधणी टिकत नाही, मधोमध पाठ फुटते आणि पानं सुटी होतात. शिलाईची पुठ्ठा बांधणी मिळाली तर दोन पैसे जास्त द्यावेत. कुठलीही नवी जाड प्रत सरळ मधोमध उघडू नये. आधी पुढची दहा पानं, मग मागची दहा, असं दोन्हीकडून आत येत पाठ मोकळी करावी.

फुटपाथवर निम्म्या किमतीला मिळणारी ‘नवी’ प्रत बऱ्याचदा बनावट असते. मूळ पानांचा फोटो काढून छापलेली असल्यानं अनुस्वार आणि रफार भरून काळे झालेले, कणा आणि मुखपृष्ठ यांची रंगछटा वेगळी, आतला समास इतका अरुंद की ओळीचा शेवट शिवणीत जातो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली मूळ प्रत त्यापेक्षा केव्हाही चांगली. फक्त शेवटची चार पानं जागेवर आहेत का ते बघावं. ‘बनगरवाडी’च्या जुन्या प्रतींत आणखी एक गंमत असते. ती पुष्कळांनी परीक्षेसाठी वाचलेली, त्यामुळे समासात पेन्सिलीनं ‘व्यक्तिचित्रण, ५ गुण’ आणि पुढच्या प्रकरणात कोण जातं ते आधीच लिहून ठेवलेलं सापडतं. अशी प्रत घेतली तर खोडरबरही घ्या.

रहस्यकथांच्या वाचकांसाठी एक सूचना. बाबूराव अर्नाळकरांसारख्यांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. तिथे प्रकरणाच्या शेवटच्या ओळीला झटका बसतो आणि पुढचं पान उलटतं. त्या सवयीनं या तीन पुस्तकांकडे आलात तर पहिली वीस पानं झटक्याची वाट बघण्यात जातील. म्हणून आधी ‘फकिरा’, मग ‘बनगरवाडी’, शेवटी ‘पानिपत’. नववी-दहावीच्या पोरांना पहिली बिनधास्त द्यावी. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी ‘पानिपत’ घेताना अक्षराचा आकार बघून घ्यावा, कारण पंधरा-वीस तास त्यावर नजर ठेवायची आहे. आणि ती वाचनालयातून आणणार असाल तर मुदतवाढीचा नियम काउंटरवर आधीच विचारा. मागे कुणी नंबर लावला असेल तर ऐन वेढ्यात पुस्तक परत करावं लागतं.